द्राक्षाचें नांव आणि गांव

माघ सरून फाल्गुन लागला म्हणजे सोलापूरच्या नवी पेठेंत द्राक्षांच्या हातगाड्या दिसूं लागतात. कापडाच्या खरेदीसाठीं बाहेर पडलेलीं कुटुंबें गाडीपाशीं घटकाभर थांबतात, एखादा मणी तोंडांत टाकून पाहतात, भाव विचारतात आणि किलो-दीड किलो द्राक्षें पिशवींत घालून घराची वाट धरतात. मणी लांबट कीं वाटोळा, हिरवा कीं काळा, गोड कीं आंबट, एवढी चौकशी होते. परंतु या द्राक्षाचें नांव काय आणि गांव कोणतें, असें विचारणारें गिऱ्हाईक विरळा. आंब्याच्या बाबतींत असें घडत नाहीं. हापूस कीं पायरी, रत्नागिरीचा कीं देवगडचा, हें ठरल्यावांचून पेटीला कोणी हात लावीत नाहीं. द्राक्षाला मात्र नुसतें 'द्राक्ष' म्हणून भागविलें जातें. वस्तुतः या फळाचा सारा इतिहास नांव आणि गांव या दोन शब्दांतच सांठविलेला आहे. आणि त्या इतिहासांतील एक प्रकरण तर नवी पेठेपासून अवघ्या कांहीं कोसांवर घडलेलें आहे.

त्याचें कारण द्राक्षवेलीच्या स्वभावांत आहे. द्राक्षाच्या बीपासून वेल उगवते, पण ती आईच्या वळणावर जात नाहीं. एका उत्तम वेलीच्या शंभर बिया पेरल्या तर शंभर निराळ्या वेली निघतात, आणि त्यांतील बहुतेक मूळ वेलीहून हलक्या असतात. म्हणून जात राखावयाची ती बीनें नव्हे, तर काडीनें. म्हणजे फांदीचा तुकडा जमिनींत रोवून किंवा दुसऱ्या मुळावर त्याचें कलम बांधून. याचा अर्थ असा कीं, ज्याला द्राक्षाची 'जात' म्हणतात ती कोणे एके काळच्या एकाच वेलीची, हातोहात पुढें चालत आलेली काया होय. जोंवर कोणी तिची छाटणी करतो आणि तिची काडी शेजाऱ्याला देतो, तोंवर ती जिवंत. ज्या दिवशीं शेवटचा बागाईतदार तिला उपटून बांधावर फेकतो, त्या दिवशीं ती संपली. राजे गेले तरी त्यांचे शिलालेख उरतात. द्राक्षाच्या जातीला तेवढाहि आधार नाहीं. तिला टिकवितें तें माणसाचें काम आणि माणसाच्या तोंडचें नांव.

याचें बोलकें उदाहरण ग्रीस देशांत सांपडतें. द्राक्षाची लागवड व द्राक्षारसाचें मद्य हीं त्या देशांत चार हजार वर्षांहून जुनीं आहेत. उत्तर ग्रीसमधील मॅसिडोनिया प्रांतांत, व्हेर्मिओ पर्वताच्या उतारावर, नाउसा नांवाचें एक गांव आहे. तेथील तांबडें मद्य 'क्सिनोमाव्रो' या तद्देशीय द्राक्षापासून करतात. नांवाचा सरळ अर्थ 'आंबट-काळें'. काळ्या द्राक्षाचाहि रस बहुधा पाण्यासारखा फिका असतो. रंग आणि तुरटपणा असतो तो सालींत. म्हणून तांबडें मद्य करावयाचें तर चेंचलेल्या द्राक्षांच्या साली रसांतच कित्येक दिवस राहूं देतात; किण्वामुळें साखरेचें मद्य होत असतां सालीचा रंग रसांत उतरतो. क्सिनोमाव्रोचें मद्य रंगानें फारसें गडद होत नाहीं. परंतु आंबटी व तुरटपणा भरपूर असल्यामुळें तें वर्षानुवर्षें टिकतें व मुरतें. ताजेपणीं खावयास हें द्राक्ष कोणी मागणार नाहीं. त्याचा उपयोग एकच, आणि त्या एका उपयोगानेंच त्याला आजवर तारलें.

तेंहि सहजासहजीं नव्हे. फायलोक्सेरा नांवाची, मुळांतील रस शोषणारी एक सूक्ष्म कीड अमेरिकेंतून युरोपांत आली. १८६३ च्या सुमारास फ्रान्समधील वेली अकारण वाळूं लागल्या, आणि पुढील कांहीं दशकांत त्या खंडांतील द्राक्षमळ्यांची दाणादाण उडाली. विसाव्या शतकाच्या आरंभीं ही कीड मॅसिडोनियांत पोंचली. त्यांतच दोन महायुद्धें आणि एक यादवी युद्ध यांची भर पडली. नाउसाच्या शेतकऱ्यांनीं वेली उपटल्या आणि पीच व सफरचंद यांच्या बागा लावल्या, यांत नवल नाहीं. परंतु कांहीं घराण्यांनीं वेल सोडली नाहीं. १८७९ मध्यें स्थापन झालेली बुटारी ही पेढी त्यांपैकीं एक. किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन मुळांवर जुन्या काड्यांचीं कलमें बांधून पुन्हां लागवड झाली. आणि १९७१ मध्यें कायद्यानें असें ठरलें कीं, बाटलीवर 'नाउसा' हें नांव लावावयाचें असेल तर आंतील मद्य केवळ क्सिनोमाव्रोचेंच असलें पाहिजे. गांवाचें नांव व द्राक्षाचें नांव यांची अशी गांठ बांधली गेली. आतां वेल उपटणें म्हणजे गांवाचें नांव पुसणें.

गांवावरून द्राक्षारसाला नांव देण्याची ही रीत युरोपचीच, असें मात्र कोणी समजूं नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचीं कर्तव्यें सांगतांना मद्याचे प्रकार दिलेले आहेत. त्यांत द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या मद्याला 'मधु' असें म्हटलें असून, तें ज्या प्रदेशांत होतें त्यावरून त्याला 'कापिशायन' आणि 'हारहूरक' अशीं नांवें आहेत, असें सांगितलें आहे. कापिशी हें काबूलच्या उत्तरेकडील प्राचीन नगर. पाणिनीनें आपल्या व्याकरणांत या नगराच्या नांवापासून 'कापिशायन' शब्द साधण्यासाठीं स्वतंत्र सूत्र लिहिलें आहे. चरकाचार्यांनीं तर सर्व फळांत द्राक्षाला श्रेष्ठ ठरविलें. वैद्याच्या कपाटांतील द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट हीं त्याच परंपरेंतलीं. म्हणजे द्राक्षाचा गुण आपल्या पूर्वजांना ठाऊक होता, त्याचें गांवहि ठाऊक होतें. पण तें गांव सिंधूच्या पलीकडे, हिंदुकुशाच्या पायथ्याशीं होतें.

दक्षिणेंत द्राक्षारस आला तो दुसऱ्या वाटेनें, समुद्रावरून. इ.स. पहिल्या शतकांतील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें लिहिलेलें 'पेरिप्लस' या नांवाचें प्रवासवर्णन उपलब्ध आहे. भृगुकच्छ, म्हणजे आजचें भडोच, येथें उतरणाऱ्या मालाच्या यादींत त्यानें मद्याचा उल्लेख केला आहे. त्यांत इटलीच्या मद्याला अधिक मागणी असे. त्याच्या जोडीला सिरियांतील लाओदिकीयाचें व अरबस्तानचें मद्यहि येई. राजासाठीं उंची मद्य निराळें आणीत. याच्या मोबदल्यांत देशावरून काय जात असे, तेंहि तो सांगतो. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' नांवाचें मोठें नगर असून तेथून तऱ्हेतऱ्हेचें कापड गाड्यांवर घालून बिकट वाटांनीं भडोचला नेत असत. फ्लीट या पंडितानें १९०१ मध्यें हें तगर म्हणजे सोलापूरच्या ईशान्येस, धाराशिव जिल्ह्यांत असलेलें तेर गांव होय, असें दाखवून दिलें. तेरला सांपडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ति आणि इटलींतील पाँपेई येथें १९३८ मध्यें मिळालेली हस्तिदंती मूर्ति यांचें साम्य पाहिलें म्हणजे त्या दूरच्या व्यवहाराची साक्ष पटते. कापडासाठीं प्रसिद्ध असलेल्या सोलापूरच्या परिसरांत दोन हजार वर्षांपूर्वींहि कापडाच्या गाड्या भरल्या जात होत्या, आणि ज्या बंदरावर त्या रित्या होत त्याच बंदरावर द्राक्षारसाचे रांजण उतरत होते, ही गोष्ट मनोरंजक आहे.

ते रांजण, म्हणजे दोन कानांचे निमुळत्या बुडाचे 'अँफोरा', फुटून त्यांच्या खापऱ्या दक्षिणेंत पसरल्या. नेवासें येथें १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या उत्खननांत अशा खापऱ्या मिळाल्या. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास जो काशाच्या वस्तूंचा सांठा हातीं लागला, त्यांत समुद्रदेव पोसायडनच्या सुबक मूर्तीबरोबर मद्य ओतण्याची एक सुरईहि होती. पूर्व किनाऱ्यावरील अरिकमेडूला तर ग्रीक समुद्रांतील कोस बेटाच्या घडणीचे रांजण सांपडले आहेत. अलीकडील संशोधकांनीं ही छाननी अधिक कसोशीनें केली असून, पूर्वीं रोमन समजलेल्या कांहीं खापऱ्या इराणी आखाताकडील रांजणांच्या ठरल्या आहेत. तें कसेंहि असो; परदेशचा द्राक्षारस दक्षिणेंत आला आणि संपला, एवढें निश्चित. रांजणांतून रस येतो. वेल येत नाहीं. यवनांच्या मद्यानें या भूमींत खापऱ्या ठेवल्या, पण द्राक्षाचें एकहि नांव ठेवलें नाहीं.

पुढें दक्षिणेंत वेल रुजली. चौदाव्या शतकांत महंमद तुघलकाच्या पदरीं असलेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादविषयीं लिहितांना तेथील द्राक्षें व डाळिंबें यांची वाखाणणी करतो, आणि हीं फळें वर्षांतून दोनदां येतात असें नमूद करतो. या 'दोनदां' शब्दांत दक्षिणेच्या बागाईतीचें सारें मर्म आहे. ग्रीससारख्या देशांत हिंवाळा कडक. तेथें वेलीचीं पानें झडतात, ती झोंपी जाते आणि वसंतांत जागी होऊन एकदां फळते. आपल्याकडे तशी थंडी नाहीं; म्हणून वेलीला झोंप नाहीं. तिला मोकळी सोडली तर ती पावसाळ्यांतहि फळ धरते. पण तें आंबट राहतें आणि सडतें. म्हणून येथील माळ्यांनीं हिंवाळ्याचें काम कातरीकडे सोंपविलें. एप्रिलमध्यें 'खरड छाटणी' करावयाची, म्हणजे नव्या काड्या फुटून त्यांच्या डोळ्यांत पुढील घडाचा गर्भ तयार होतो. आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्यें 'गोडी छाटणी' करावयाची, म्हणजे माघ-फाल्गुनांत गोड फळ हातीं येतें. ही विद्या ग्रीसहून आली नाहीं कीं काबूलहून आली नाहीं. ती दक्षिणेच्या उन्हांत, येथल्याच माणसांनीं, वेलीचा स्वभाव ओळखून सिद्ध केली. परकी वेल देशी झाली ती या कातरीमुळें.

त्या विद्येवर नाशिक, दौलताबाद आणि पुणें यांच्या आसमंतांत जुन्या बागा उभ्या राहिल्या. पांगाऱ्याच्या खुंटावर वेल चढवीत. भोकरी, फकडी, हबशी, काळी साहेबी, पांढरी साहेबी हीं त्या बागांतील नांवें. पुण्याच्या गणेशखिंड येथील सरकारी फळबागेंत डॉ. चीमा यांनीं पांढऱ्या साहेबीच्या बियांपासून उगवलेल्या रोपांतून निवड करून एक नवी जात काढली. ती 'चीमा साहेबी' या नांवानें ओळखली गेली. नंतर हैदराबादेकडून 'अनाब-ए-शाही' आली. तिचे घड मोठे, उत्पन्न भरघोस. तिच्यापुढें भोकरी मागें पडली. त्यानंतर 'थॉम्पसन सीडलेस' आली आणि बियांचीं सगळींच द्राक्षें मागें पडलीं. हें इंग्रजी नांव धारण करणारी जात मूळची आशिया खंडांतली. ग्रीस व तुर्कस्तान यांच्या किनाऱ्यांवर तिला सुलतानिना म्हणत; विल्यम थॉम्पसन या गृहस्थानें १८७० नंतर कॅलिफोर्नियांत तिचा प्रसार केला म्हणून ती त्याच्या नांवानें जगभर फिरली. ज्यानें नांव दिलें त्याच्या गांवची ती झाली.

जुन्या जातींवर मात्र अनास्थेची अवकळा आली. खाण्याचें द्राक्ष हा बाजाराच्या आवडीचा गुलाम. बी नको म्हटलें कीं बियांची जात गेली. मणी लांब हवा म्हटलें कीं वाटोळी गेली. भोकरी दूर तामिळनाडूंत 'पच्चद्राक्ष' या निराळ्या नांवानें नांदली. ज्या नाशिकच्या बागांतून तिचें नांव प्रसिद्ध झालें, तेथील बाजारांत तें ऐकूं येईनासें झालें. नाउसाच्या आंबट-काळ्या द्राक्षाला त्याच्या मद्यानें जसें धरून ठेवलें, तसें भोकरीला धरून ठेवणारें कांहींच नव्हतें. येथें मद्याची भलावण करावयाची नाहीं. ज्या मुंबई प्रांतानें १९४९ मध्यें दारूबंदीचा कायदा केला त्याच्या कारणांचा विचार प्रत्येक सुजाण कुटुंबानें करावा. परंतु एखादें फळ कोणत्या तरी टिकाऊ उपयोगाला बांधलें गेलें नाहीं म्हणजे तें एका पिढींत कसें नाहींसें होतें, एवढें यावरून दिसतें.

आतां नवी पेठेच्या शेजारचें प्रकरण. सोलापूरच्या उत्तरेस, बार्शीच्या वाटेवर, नान्नज हें गांव आहे. बाहेरच्या जगाला तें माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यामुळें माहीत. पाऊस थोडा आणि लहरी, उघडा माळ, खोल गेलेल्या विहिरी. द्राक्षासारखें नाजूक पीक येथें यावें असें प्रथमदर्शनीं वाटणार नाहीं. परंतु कोरडी हवा द्राक्षाला मानवते, आणि ज्याला पाण्याचा थेंब मोजावा लागतो त्याची नजरहि बारीक होते. नान्नजचे बागाईतदार नानासाहेब काळे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत थॉम्पसनच्या बागेंत इतरांहून निराळ्या वळणाचे घड हेरले. मणी लांबट, दंडगोल, पिकल्यावर सोनेरी झांक मारणारा. वेलीच्या एखाद्या डोळ्यांत निसर्गतःच असा पालट कधीं कधीं होतो. तो हजारों वेलींत होत असेल. पण ज्याच्या नजरेला तो पडत नाहीं त्याच्या कातरीखालीं तो छाटला जातो. काळे यांनीं ती काडी छाटली नाहीं, जपली. तिचीं कलमें केलीं आणि तिला नांव दिलें 'सोनाका'. सोलापूर, नान्नज आणि काळे, या तीन शब्दांचीं पहिलीं अक्षरें. नांव, गांव आणि जिल्हा एकाच शब्दांत गुंफणारें असें दुसरें फळ सांपडणें कठीण. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत वसंतराव आर्वे यांनींहि थॉम्पसनमधूनच निवड करून 'तास-ए-गणेश' ही जात काढली. तिच्या नांवांतहि तालुका आणि आडनांव बसलेलें आहे.

काळे एवढ्यावर थांबले नाहींत. 'किशमिश चोरनी', म्हणजे काळें किशमिश, या रशियाकडून आलेल्या जातींत त्यांना दुसरा पालट गवसला. त्यांतून 'शरद सीडलेस' हें काळें, बिनबियांचें द्राक्ष बाहेर पडलें. दुष्काळ आणि मचूळ पाणी यांच्याशीं झगडतांना १९९० नंतर महाराष्ट्राच्या बागाईतदारांनीं 'डॉगरिज' या अमेरिकन मुळांवर कलमें बांधण्याची रीत उचलली. ग्रीसमध्यें अमेरिकन मूळ किडीविरुद्ध कामास आलें. सोलापुरांत तें अवर्षणाविरुद्ध उभें राहिलें. मूळ अमेरिकेचें, कुळी सुलतानिनाची, कातर दौलताबादच्या परंपरेची आणि नांव नान्नजचें, असें हें द्राक्ष 'देशी' कीं 'परदेशी', या वादाला मग अर्थ राहत नाहीं. ज्यानें वेल ओळखली, राखली आणि नांवारूपाला आणली, त्याच्या देशाची ती.

महाराष्ट्रांत द्राक्षमद्याचा उद्योगहि या काळांत उभा राहिला. नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फेसाळ मद्याचा कारखाना काढला. पुढें नाशिकच्या परिसरांत राजीव सामंत यांच्यासारखे उद्योजक आले. २००१ मध्यें राज्य सरकारनें या उद्योगासाठीं स्वतंत्र धोरण जाहीर केलें. 'नाशिक व्हॅली वाइन' या नांवाला भौगोलिक मानांकनहि मिळालें. गांवाचें नांव बाटलीवर आलें. पण द्राक्षाचीं नांवें पाहावीं तर तीं कॅबर्ने सोव्हिन्यों, शिराझ, शेनिन ब्लां अशीं, बहुतेक फ्रान्सकडचीं. यांत कोणाचा दोष नाहीं. उत्तम तांबड्या मद्याला लहान मणी, जाड काळी साल, बिया आणि आंबटी लागते. सोनाका आणि शरद हीं पातळ सालीचीं, गोड, खाण्याचीं द्राक्षें. त्यांची वाट निराळी आहे. त्यांची जागा बाजाराच्या हातगाडीवर, आणि त्याहून टिकाऊ म्हणजे बेदाण्यांत. तासगांव, सांगली, पंढरपूर आणि सोलापूर या पट्ट्यांत सावलीच्या मांडवांत जाळ्यांवर द्राक्षें सुकवून जो बेदाणा होतो, तो वर्षभर देशभर जातो. नाउसाला जें मद्य, तें या प्रदेशाला बेदाणा होऊं शकेल. पण तेव्हांच, जेव्हां बेदाणा घेणारा मनुष्यहि नांव विचारील.

कारण भोकरीवर आली ती वेळ सोनाकावर येणार नाहीं, असें कोणी छातीठोकपणें म्हणूं शकणार नाहीं. तिच्याच पोटीं 'सुपर सोनाका' आली आहे. परदेशी कंपन्यांच्या रंगीत, टपोऱ्या जातीहि बागांत शिरत आहेत, आणि त्यांची काडी शेजाऱ्याला फुकट देतां येत नाहीं. पुण्याजवळ मांजरी येथें १९९७ मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रांत शेंकडों जातींचा जिवंत संग्रह राखला जातो, हें समाधानाचें. २००१ च्या कायद्यानें शेतकऱ्यालाहि आपण शोधलेली जात आपल्या नांवें नोंदवितां येते, हेंहि समाधानाचें. परंतु संग्रहालयांतील वेल ही दप्तरांतल्या नांवासारखी असते. ती सुरक्षित असते, नांदती नसते. नांदती वेल बागाईतदाराच्या मांडवावर, आणि बागाईतदार ती ठेवतो तो गिऱ्हाइकाच्या मागणीसाठीं.

भृगुकच्छला उतरलेल्या द्राक्षारसाचे रांजण फुटून दोन हजार वर्षें लोटलीं. तगरचें कापड जीर्ण होऊन मातीस मिळालें. कापिशीचा 'मधु' एका व्याकरणसूत्रांत तेवढा उरला. भोकरी आणि फकडी हीं नांवें म्हाताऱ्या माळ्यांबरोबर गेलीं. सोनाका मात्र अजून गाडीवर आहे. येत्या फाल्गुनांत नवी पेठेच्या कोपऱ्यावर थांबून मणी चाखतांना, भावाच्या आधीं जर कोणी विचारलें कीं, "बाबा, या द्राक्षाचें नांव काय, आणि हें कोणत्या गांवचें?" तर विकणारा क्षणभर चकित होईल. दुसऱ्या खेपेस तो तें नांव विचारून येईल; आणि तिसऱ्या खेपेस तें नांव बागेपर्यंत पोंचेल.